बैठकीतलं झाकण

दवाखान्यात कमलनं मला शेवटचं जे विचारलं ते तिच्या तब्येतीचं नव्हतं, मुलीचं नव्हतं, माझ्या बीपीच्या गोळ्यांचंही नव्हतं. "हौदात पाणी किती हाय?" असं तिनं विचारलं. मला सांगता येईना. तिला दाखल केल्यापासून मी हौदाचं झाकण उघडलंच नव्हतं. "बघून येतो," म्हणालो. "या बघून," म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. घरी आलो, बैठकीतलं लोखंडी झाकण कडीला धरून उचललं, पाणी मोजायचा बांबू आत सोडला. तो ओला होऊन वर येतोय तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आमच्या सुजाताचा, दवाखान्यातून. ती नुसती "पप्पा..." म्हणाली. मी बांबू हातात धरून तसाच फरशीवर बसलो. पाणी किती आहे ते मला कळलं होतं, आणि सांगायला आता ती नव्हती.

कमल शिरूर अनंतपाळकडची, मी नांदेडचा. गोदावरीच्या काठावर वाढलेल्या माणसाला पाण्याची कदर नसते असं तिचं ठाम मत होतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी नळ सुरू ठेवून दाढी करताना सापडलो, तेव्हापासून तर त्या मतात बदल व्हायची आशाच संपली. मी शाळामास्तर, ती सरकारी ऑफिसात क्लार्क. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिथल्या ऑफिसांना माणसं हवी होती, आणि तिनं हौसेनं बदली मागून घेतली. मी तोंड पाडून मागोमाग आलो. "नदी सोडून कुठं न्यायलीस मला?" म्हटलं, तर म्हणाली, "माझ्या माहेराकडं. तुम्ही लई पोहून घेतलं आता." ऑफिसात पाट्यांचा रंग वाळायचा होता, एका टेबलावर दोन शाखा बसायच्या, फायली खुर्चीवर आणि माणसं उभी. त्या सगळ्या गोंधळात ती इतकी खुशीत असायची की जिल्हा तिच्याचसाठी केला असावा असं मला वाटायचं.

दोघांच्या नावावर प्लॉट घेतला आणि पावसानं दडी मारली. बांधकामाला पाणी मिळेना, लोकांनी कामं थांबवली. कमलनं मात्र मिस्त्रीला सांगितलं, आधी हौद खणा, घराचं मग बघू. हौदही साधासुधा नाही, अख्ख्या बैठकीखाली. मिस्त्रीनं ते कबूल केलं, पण झाकण बैठकीच्या मधोमध पाहिजे म्हटल्यावर तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "बाई, झाकण अंगणात काढा की. बैठकीत कुठं झाकण आसतंय का? पावणे बसायचे कुठं?" "पावणे बाजूला बसतेल," कमल म्हणाली. "झाकण आतच पाहिजे." मी समजलो, पाणीचोरीच्या भीतीनं म्हणत असेल. पुढं येणाऱ्या-जाणाऱ्याला मी मोठ्या आवाजात सांगायचो, "जपून हं, आमच्याकडं समुद्र खाली आहे." ती चहा ठेवता ठेवता आतून म्हणायची, "नांदेडकरांचं झालं का बोलून?"

दर रविवारी सकाळी ती बांबू सोडून पाणी मोजायची. आकड्यांत नाही. गुडघ्याएवढं, कमरंएवढं, छातीएवढं... बांबूवर तिनं तशा खुणाच करून ठेवल्या होत्या, स्वतःच्या उंचीच्या. छतावरचं पावसाचं पाणी आणि नळाला येईल ते, सगळं त्या हौदात जायचं.

मग तो उन्हाळा आला. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो. नळाला कधी पाणी येईल याचा भरवसा नव्हता, गल्लीतले बोअर आटले, बाया टँकरची वाट बघत रस्त्यावर बसायच्या. कमलनं सगळ्यांना निरोप दिला, घरटी रोज एक घागर घेऊन जा. मला काळजी फरशीची. मी सुचवलं, "मोटार लावून गेटवर नळ काढू. लोकांना आत यायला नको, तुलाही त्रास नको." ती पोहरा हातात घेऊन उभी होती, तो तिनं खाली ठेवला. "माझी आई गावच्या आडाला शिवू शकत नव्हती," ती म्हणाली. "घागर खाली ठिवून उभी ऱ्हायची. कुणाला दया आली तर वरून वतायचे. न्हाई आली तर रिकामी घागर घिऊन घरी. मी तिच्या पदराला धरून उभी आसायची... माझ्या दारात कुणी बाहेर उभं ऱ्हाणार न्हाई. ज्याला पाणी पाहिजे त्यानं आत यावं, वाकावं, आपल्या हातानं काढून घ्यावं." इतक्या वर्षांच्या संसारात हे तिनं पहिल्यांदाच सांगितलं. समुद्राचा विनोद मी पुन्हा केला नाही.

शेजारच्या जोशीकाकू चांगल्या बाई. भिंतीवरून कमलशी तासन्‌तास बोलायच्या, आमची ताटली कधी रिकामी परत पाठवायच्या नाहीत. पण आमच्याकडं कधी पाण्याला तोंड लावलं नाही. कधी उपास, कधी "आत्ताच पिऊन आले." त्या उन्हाळ्यात एका सकाळी त्या कळशी घेऊन दारात आल्या. जरा थांबल्या. मग चपला काढून आत आल्या. कमलनं दोर त्यांच्या हातात दिला. काकूंनी पोहरा ओढला, कळशी भरली आणि उरलेलं पाणी ओंजळीत घेऊन तिथंच प्यायल्या. कमलनं स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला, आणि मी बघितलं तर पदरानं डोळे पुसत होती. पुढं पाऊस झाला, नळ आले, पण काकूंचं रोज सकाळी येऊन बसणं काही थांबलं नाही.

कमलनं तिचा अर्धा हिस्सा सुजाताच्या नावे करून ठेवला होता. वकील म्हणाले, मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करायचं तर घराची किंमत लावून आणा. तिच्या निम्म्याची. मी घरभर हिंडून बघितलं, निम्मं कुठलं ते ठरेना. स्वयंपाकघर म्हणावं तर पोळ्या मी लाटायचो, ती ऑफिसात. किंमत लावायला एक तरुण इंजिनिअर आला, आमच्या नांदेडच्या विष्णुपुरी कॉलेजात शिकलेला, बोलायला गोड. भिंती ठोकून "पक्कं काम हाय काका" म्हणाला आणि झाकणापाशी थबकला. "हेच्यानं भाव पडतो बघा. गिऱ्हाईक नाक मुरडतंय. वरून फरशी टाकून घ्या, हौद कुणाला दिसणार न्हाई." सुजाता मला पुण्याला न्यायच्या विचारात होती, घर विकायचंच होतं. मी एकटा पडलो होतो, आणि मीही मान हलवली. झाकणाची गोष्ट मी तिला अजून सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी फरशीवाला आला. तो माप घेत असताना जोशीकाकू आल्या, गुडघे धरत धरत. "काय करायलात?" "झाकण बंद करायलोय, काकू." त्या भिंतीचा आधार घेत खाली वाकल्या आणि चक्क झाकणावरच बसल्या.

"हे बंद केलं," त्या म्हणाल्या, "तर मी ह्या घरात आत कशाला यायचं?"

सुजाता माझ्याकडं बघत राहिली. मग मी तिला सगळं सांगितलं... आड, खाली ठेवलेली घागर, तिच्या आजीचा पदर. काकू मान खाली घालून ऐकत होत्या. बोलून झालं तेव्हा सुजाता फरशीवाल्याला म्हणाली, "राहू द्या भाऊ." आणि मला म्हणाली, "पप्पा, घर आत्ता नको विकायला. माझं निम्मं तर नाहीच." किमतीचा कागद कोर्टात गेला, झाकणापायी भाव कमी लावलेलाच.

काकू उठल्यावर मी कडीला धरून झाकण उचललं. कोपऱ्यातला बांबू घेतला, सावकाश आत सोडला, वर काढला. ओल तिनं केलेल्या मधल्या खुणेपाशी होती, ती गेली त्या दिवशी मी बघितली होती तिथंच.

"कमरंएवढं हाय, कमल," मी म्हणालो.