बी.एस्सी. पहिल्या वर्षाची डाक्टरीन

ओमेश्वरी रहांगडाले २००६ साली गोंदियाच्या कॉलेजात गेली. गोरेगावच्या पलीकडं, धानाच्या बांध्यांत वसलेल्या तिच्या खेड्यातून विज्ञान घेऊन शहरात राहायला गेलेली ती पहिलीच मुलगी. तिचे वडील जियालाल बाजारात कुणाला तरी म्हणाले, "पोरीनं बायलॉजी घेतलं." ऐकणाऱ्यानं पुढं सांगितलं, "जियालालची पोरगी डाक्टरी शिकून राहिली." बात गावात पोचेपर्यंत ओमेश्वरी डाक्टरीन झालेली होती. जियालालनं ती खोडली नाही. कोणता बाप खोडील? ऐकून ऐकून पुढं त्यालाही ती खरी वाटू लागली. पण त्या दिवशी खोडली असती, तर त्याच्याच घरात पाळणा हलला असता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

इकडं कॉलेजात डाक्टरीनबाईंची अवस्था काय होती? सर फळ्याकडं तोंड करून इंग्रजीत बोलत. पुढच्या बाकांवरच्या शहरातल्या मुली माना डोलवत. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली ओमेश्वरी मागच्या बाकावर बसून फळ्यावरची अक्षरं फक्त उतरवून घेई. प्रॅक्टिकलला सूक्ष्मदर्शकात डोळा घातला की तिला स्वतःच्या पापण्याच दिसत, आणि दुसऱ्या मुलीची आकृती पाहून ती आपली काढी. विचारलं की उत्तर एकच, "माहीत नाही, सर." वर्ग हसे. वसतिगृहात खोलीतली रिंकी म्हणे, "अरे, तू कुछ बोलती क्यों नहीं?" बोलायचं काय? पहिल्या चाचणीत ती प्राणिशास्त्रात नापास झाली, तेव्हा न्हाणीघरात नळ सोडून रडली. घरी मात्र काहीच सांगितलं नाही.

शनिवारी एसटीतून गावात उतरली की चित्र पालटे. शेजारचा बकाराम धावत येऊन पिशवी घेई आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडे, "डाक्टरीनबाई आल्या!" आठवडाभर खाली घातलेली मान तिथं वर येई. ओसरीवर बाया बसलेल्याच असत. कुणाचे गुडघे, कुणाची खाज. पहिल्या खेपेला ती म्हणालीही होती, "मावशी, मी डाक्टरीन नाही व." बायांना वाटलं, पोरगी लाजते. मग बकारामच्या नातवाला हगवण लागली. तिनं शाळेत शिकलेलं मीठसाखरेचं पाणी पाजायला सांगितलं आणि पोर बरं झालं. त्यानंतर तिनं 'नाही' म्हणणं सोडलं. आठवडाभर कॉलेजात 'माहीत नाही' म्हणायचं आणि घरी येऊनही तेच म्हणायचं, एवढी ताकद अठरा वर्षांच्या पोरीत कुठून येणार? तिला समजून घेता येतं. पण समजून घेतल्यानं पुढचं काही टळत नाही.

तिच्या भावाची, लोकेंद्रची, बायको कुंता त्या वर्षी गरोदर होती. कुंताला माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलटकरीण असूनही बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. कुंता बोलायला कमी, कामाला वाघ. दिवाळीच्या सुमारास तिचे पाय सुजू लागले. उपकेंद्रातल्या नर्सबाईनं बीपी मोजलं, पुन्हा मोजलं आणि सांगितलं की गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, उशीर करू नका. ओमेश्वरीची आई नंदाबाई हे ऐकून भडकली. "मोठ्या दवाखान्यात नेलं का पोट फाडतेत. आमी का दवाखान्यात बाळंतीण झालो?" लोकेंद्र आईपुढं कधी बोलला नव्हता, तेव्हाही बोलला नाही.

भाऊबीज झाली आणि गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आली. आमच्याकडं मंडईला पाहुणे सांगून येत नाहीत, येतात आणि घर भरून टाकतात. आत्या, मावश्या, त्यांच्या सुना, सगळ्या ओसरीवर शिंगाडे सोलत बसल्या होत्या. मधोमध ओमेश्वरी. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत सगळ्यांना सांगत होती, "आमच्या घरची डाक्टरीन हाय, बाप्पा! आता दवाखान्याचं कामच नाई." तेवढ्यात कुंता चुलीपुढून उठून बाहेर आली. तिचं तोंड फुगलं होतं, हातातल्या बांगड्या मनगटात रुतल्या होत्या. एरवी पाहुण्यांपुढं मान वर न करणारी ही सून सगळ्यांच्या देखत नणंदेसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, तुमीच पाहा ना. डोकं ठणकून राहिलं, डोळ्यापुढं चकचक होते. नर्सबाई म्हणे गोंदियाले जा. जाऊ का मी?"

त्या सुजलेल्या तोंडाकडं पाहून ओमेश्वरीला भीती वाटली, खरी भीती. 'जा' एवढं म्हटलं की काम झालं असतं. पण मग आत्या विचारणार, घरात डाक्टरीन असून दवाखाना काऊन? झालं काय हिला? या दुखण्याला म्हणतात काय? आणि मग या सगळ्यांपुढं म्हणावं लागणार, माहीत नाही. वर्गातलं ते हसू तिच्या कानात वाजलं.

"गरोदरपणात होते असं, वयनी," ती म्हणाली. "मीठ कमी खा. पाय वर ठेवून निजत जा."

"आयकलं ना?" नंदाबाईनं लगेच धरलं. "आता नर्सबाईचं नाव काढू नोको."

कुंता जागची हलली नाही. ती ओमेश्वरीकडं बघत राहिली, इतकी की ओमेश्वरीनं नजर काढून शिंगाड्यांच्या टोपलीत घातली. मग कुंता "बरं, बाई" म्हणाली आणि आत गेली. बायांच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या.

गोंदियाला परतल्यावर ओमेश्वरीला जेवण जाईना. एसटीडीवरून तिनं घरी फोन लावला. नंदाबाईनं उचलला. "वयनी कशी आहे?" "बरी हाय. काम कराले नोको, दुसरं का?" आताही सांगता आलं असतं. मागं फोनसाठी माणसं उभी होती, हे तिनं स्वतःला दिलेलं कारण. तिनं फोन ठेवला. वर्गात सर काय बोलतात ते आता तिच्या कानावरही पडेना. वऱ्हांड्यात चपला वाजल्या की ती दाराकडं बघे.

आणि एक दिवस जियालाल खरंच आला. कॉलेजच्या फाटकात उभा राहून तो शिपायाला विचारत होता, "डाक्टरीचा वर्ग कोनता हाय? माही पोरगी शिकते."

"यहाँ डॉक्टरी नहीं पढ़ाते, बाबा," शिपाई म्हणाला. "ये बी.एस्सी. कॉलेज है."

ओमेश्वरी जिन्यावर होती. तिनं ते ऐकलं. जियालालनं तिला पाहिलं, शिपायाकडं पाहिलं, आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून उगाच झटकला. मग तो एवढंच म्हणाला, "चाल. कुंताले झटके येऊन राहिले. सरकारी दवाखान्यात आनलं."

खळ्यावर धानाच्या पेंढ्या रचताना कुंता कोसळली होती. नंदाबाईला आधी वाटलं, बाहेरचं काही लागलं. लिंबू उतरवण्यात वेळ गेला. दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी कुंताला वाचवलं, पण पोटातलं बाळ गेलं. मुलगा होता. डॉक्टर बाईंनी बाहेर येऊन विचारलं, "एवढी सूज, डोकेदुखी. कुणाला दाखवलं नाही तुम्ही?"

नंदाबाईनं ओमेश्वरीकडं बोट केलं. "आमच्या पोरीनं पाह्यलं होतं ना, बाई. ते डाक्टरी शिकते." तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. अजूनही अभिमानच होता.

डॉक्टर बाईंनी ओमेश्वरीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या. जियालाल भिंतीशी पाठ लावून बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

कुंता शुद्धीवर येऊन बोलू लागली, तेव्हा एका दुपारी तिच्याजवळ फक्त ओमेश्वरी होती. किती दिवस मनात घोळवलेलं वाक्य तिनं एकदाचं उच्चारलं.

"वयनी, मले काहीच येत नव्हतं. मी डाक्टरीन नाही. मी तर नापास झाली."

"माले मालूम होतं," कुंता म्हणाली.

ओमेश्वरीला वाटलं, ग्लानीत बोलते आहे. पण कुंताचे डोळे स्वच्छ होते.

"मी बारावी शिकलेली आहो, बाई. बी.एस्सी. काय असते, माले समजते."

"मग मले काऊन विचारलं?"

कुंतानं हात पांघरुणाबाहेर काढला. तिच्या मनगटावर बांगड्या रुतल्याचे वळ अजून होते.

"आई नर्सबाईचं आयकत नाई, माहं आयकत नाई. ह्यायचं तर तोंडच उघडत नाई. घरात एका तुमचंच आयकतेत. म्हनून मंडईच्या दिवशी इचारलं, चार पाहुण्यायसमोर. तुमी नुसतं 'जा' म्हटलं असतं, तर आईले नाई म्हनता आलं नसतं."