तळमजल्यावरचा कठडा

कठडा मी उलटा बसवून घेतला. चूक म्हणाल तर तेवढीच. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पितृपक्षात लिफ्टचं काम नको, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी म्हटलं की पहिला हसणारा मीच. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय...

आम्ही खांदेश्वरला तळमजल्यावर राहतो. पुढे एक तुळस नि एक लिंबू मावेल एवढी बाग, लगेच रस्ता. माझे वडील – आबा – मूळचे साताऱ्याकडचे, उमेदीची वर्षं मार्केटात पोती उचलण्यात गेलेली. अलीकडे त्यांचं विसरणं वाढलेलं; उठून थेट रस्त्यावर जायचे. म्हणून पावणे गावातल्या एका भंगारवाल्याकडून मी जुना बिडाचा कठडा आणला. मुंबईतल्या कुठल्याशा पाडलेल्या इमारतीचा, ओतीव फुलांचा.

बसवायला आलेले पाटील म्हणाले, "साहेब, ही वरच्या गॅलरीची वस्तू हाय. फुलांची बाजू रस्त्याला असते. मानूस मागं उभा राहतो, फुलांच्या बाजूला नुसती पोकळी."

"पैसे मी दिलेत, फुलं रस्त्यानं का बघायची? आत करा."

"करा हो," माझी बायको सुलभा म्हणाली, "नाहीतर वर्षभर मलाच ऐकावं लागेल."

आबांचं बाहेर जाणं थांबलं. मी खूश! मग लक्षात आलं – बागेत पाऊल टाकलं की ते कठड्याला छाती लावून, दोन्ही हातांनी गज आवळून उभे राहायचे. मान वळवून मागे, खाली बघायचे.

"लई खोल हाय रं."

"आबा, ती लादी आहे."

एका संध्याकाळी चहा निवत होता. ते काही केल्या हलेनात.

"सोडवू नगंस. पडंन मी."

"तळमजल्यावरून कुठं पडताय?" असा विनोद करत मी त्यांचं एकेक बोट सोडवलं. दहावं सुटलं, आणि आबा माझ्या पायाशी बसल्यासारखे खाली आले. आवाज मात्र... लांबून, खालून आला.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारलं, "कितव्या मजल्यावरून पडले?" दोन्ही टाचा, कंबर, मणका – सगळं मोडलेलं.

"तळमजला."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत तोच प्रश्न पुन्हा विचारला. हाडं ठिसूळ असतील, असं मीच सुचवलं. ते म्हणाले, "ठिसूळ हाडंही बसल्या जागी अशी मोडत नाहीत."

नवव्या दिवशी आबा गेले. काय झालं, मला अजून कळलेलं नाही. त्यांची बोटं सोडवली मी, एवढंच कळतं.

तेराव्यानंतर पाटलांना फोन लावत होतो, कठडा सुलटा करून द्या म्हणून. सुलभानं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"सुलटा केला की रस्त्यानं जाणारे फुलांच्या बाजूला येतील," ती म्हणाली. "त्यांनी काय केलंय आपलं?"