हंडा आला, मैनाकाकी नाय आली

मैनाकाकीबद्दल आमच्या बोरशेतवाडीत अशी बातमी आहे की, शहापूरला हंडा मोर्चाच्या दिवशी पोलीस बघून ती इतकी घाबरली की धनेशच्या झेरॉक्सच्या दुकानात मशीनमागे जाऊन बसली आणि तिकडच्या भाषेत देवाचं नाव घेत राहिली. ही बातमी सांगताना बाया आवाज बारीक करतात, पदर तोंडाशी नेतात आणि शेवटी म्हणतात, "बाहेरची ना गो ती."

साफ खोटं. मी रस्त्याच्या या बाजूला हातात भोंगा घेऊन उभी होते, मला सगळं दिसत होतं. काकी मशीनमागे नव्हती. दुकानाच्या पायरीवर, उन्हात, सगळ्यांना दिसेल अशी उभी होती. आणि तिनं कुठल्याच भाषेत एक अक्षर तोंडातून काढलं नाही. काढावं म्हणून मीच जीव खात होते.

मैनाकाकी मूळची फिलिपाइन्सची. तिचं खरं नाव मारिसेल. आमचे शेजारचे अनिलकाका दुबईला हॉटेलात स्वयंपाकी होते, ती तिथंच कामाला होती. दोन वर्षांपूर्वी ती दोघं गावी आली, इथल्या पद्धतीनं परत एकदा लग्न लागलं. तांदळाच्या ताटात नाव काढायची वेळ आली तेव्हा कमळआजीनं, म्हणजे तिच्या सासूनं, स्वतःच ठरवून "मैना" काढलं. अनिलकाका आता वाशिंदला स्टेशनबाहेर खाण्याची गाडी लावतात.

तोपर्यंत वाडीत नकला करणारी मी एकटी. शाळेच्या गॅदरिंगला मी, साखरपुड्यात पाहुणे कंटाळले की मी, "वैष्णवीला बोलवा" म्हणून निरोप यायचा. एसटीचा कंडक्टर, आमचे गणिताचे सर, दातांत काडी धरून बोलणारा दूधवाला, सगळे माझ्या घशात. मग ही आली. सहा महिन्यांत ही आमच्यासारखी बोलायला लागली. आमच्यासारखी कसली, कमळआजीसारखी, कारण मराठी तिनं फक्त सासूकडूनच उचलली. बँकेचा साहेब आला तरी ती त्याला म्हणते, "बस रे बाबा, उनातना आलास. चाय घेशील का नाय?" साहेब खूश. मी अख्खी एसटी उभी करायची, कंडक्टर, ड्रायव्हर, बकरी घेऊन चढलेली म्हातारी सगळं, आणि बाया गालात हसायच्या. काकीनं नुसतं "नाय गोऽऽ" म्हटलं की त्याच बाया पोट धरायच्या. मग मी काकीचीच नक्कल बसवली. ती मात्र जोरात चालली. खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या नकलांत तीच सर्वांत जास्त चालली, आणि त्याचाही मला रागच यायचा.

मोर्च्याचं तिला आधी अजिबात कळायचं नाही. तिच्या लहानपणी तिकडे मोर्चा निघाला की मामा दुकानाचं शटर खाली ओढायचा आणि ही फटीतून नुसते पाय बघायची. इथं आल्यावर वाशिंदला पहिला मोर्चा दिसला तेव्हा तिनं घाईघाईनं गाडीवरचा गॅस बंद केला, अनिलकाकांना म्हणाली, "चल, पल!" तेवढ्यात मोर्चेकरीच गाडीपाशी आले, झेंडे गाडीला टेकवून ठेवले आणि भजी मागितली. ती नवऱ्याला विचारते, "ही लोका रागावलीत ना? मग चटनी कशाला मागतात?" काका म्हणाले, "राग हाय, पण भूक पन हाय." हे ती सगळ्यांना सांगत फिरली. निवेदन देताना साहेब आणि मोर्चेकरी एकत्र फोटो काढतात, त्यात हसतात, याचं तर तिला इतकं आश्चर्य की तिनं तो फोटो आपल्या आईला पाठवला.

यंदा मे महिन्यात आमचाच मोर्चा ठरला. धरण आमच्या डोळ्यांसमोर, भातसानगरचे दिवे वाडीतून दिसतात. नळ बसून दीड वर्ष झालं. पाणी आलं ते उद्‌घाटनाच्या दिवशी, अर्धा तास. टँकर कधी येतो, कधी नाही. तेव्हा बायांनी ठरवलं, रिकामे हंडे घेऊन शहापूरला कचेरीवर जायचं. घोषणा मी देणार, कारण आवाज माझा. मी रात्रभर बसून घोषणा लिहिली, तीन ओळींची, यमक जुळवलेली. अंगणात म्हणून दाखवली तर बायांना दुसऱ्या ओळीतच धाप लागली.

मैनाकाकी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "एवढा कोन बोलल? तू विचार, नळ हाय? आमी बोलू, पानी नाय."

बायांनी करून बघितलं. नळ हाय? पानी नाय! धरण हाय? पानी नाय! अंगण दणाणलं. कमळआजी तर उठून उभी राहिली. माझा कागद मी घडी करून खिशात घातला.

पण काकीला मोर्च्यात येता येणार नव्हतं. तिच्या व्हिसाची मुदत संपत आली होती, वाढवून मिळायचा अर्ज ठाण्याला अडकलेला. अनिलकाकांनी भर अंगणात सांगितलं, "परदेशी माणसानं मोर्च्यात जायचा नाय. नियम हाय. एकाद्या फोटोत दिसलीस, कुठल्या यादीत नाव गेला, तर मुदत नाय वाढनार. परत जावा लागल."

काकीच्या हातातलं सूप थांबलं. मग तिनं माझ्या हातातल्या भोंग्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल हेवा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि काय गार वाटलं मला! दोन वर्षांनी.

नेमकं त्याच दिवशी ठाण्याहून कळलं की अजून दोन कागद पाहिजेत, आणि ते ऑनलाइन टाकायची शेवटची तारीख मोर्चाच्या दिवसाचीच. कागद भरून देणारा धनेश, त्याचं दुकान कचेरीच्या बरोबर समोर. म्हणजे काकी शहापूरला असणारच होती, फक्त रस्त्याच्या पलीकडे.

मी म्हटलं, "काकी, तुझीच घोषणा. मी पलीकडून विचारीन, नळ हाय? तुझ्या तोंडातून सुटणारच."

"नाय सुटनार."

"लाव पैज."

"लाव. मी हरली तर गौरीला माझी लाल साडी तू नेस. तू हरलीस तर दिवाळीपरत माझी नक्कल करायची नाय. एक शब्द नाय."

ती लाल साडी तिच्या आईनं तिकडून पाठवलेली, अननसाच्या पानांपासून काढलेल्या धाग्याची. मी लगेच हातावर हात मारला. आता वाटतं, मी कशावर पैज लावत होते ते तिला नीट माहीत होतं, मला नव्हतं.

मोर्चाच्या सकाळी काकी स्वतः आली नाही पण तिनं सासूजवळ आपला हंडा दिला. म्हणाली, "माझा हंडा तरी जाऊ दे." कोणाच्याच डोक्यात काही आलं नाही. ऐंशी बाया, ऐंशी हंडे. कचेरीच्या पायऱ्यांसमोर आम्ही ते ओळीत मांडले आणि मागे बसलो.

"नळ हाय?"

"पानी नाय!"

पलीकडे धनेशच्या पायरीवर काकी फाइल छातीशी धरून उभी. आत स्कॅनर चालू होता, तिचा नंबर लागला होता, धनेश कागद चढवत होता. मी भोंगा बरोब्बर तिच्याकडे फिरवला. "धरण हाय?" म्हणून बायांना हातानं थांबवलं, मोकळी जागा ठेवली, तिच्यापुरती. तिचे ओठ हलले. मी बघितलं, हलले. पण आवाज नाही. मग मी कमळआजीची नक्कल केली, कोंबड्यांना बोलावते ती. बाया हसल्या, बंदोबस्तातले पोलीस हसले, काकीनं फाइल तोंडावर धरली. खांदे हलत होते. आवाज नाही.

तेवढ्यात हर्षित आला. तो मोबाइलवर बातम्या करतो, त्याच्या चॅनेलला सगळा तालुका बघतो. मी भोंगा खाली घेतला, केस मागे सारले. तो माझ्यासमोरून सरळ रस्ता ओलांडून काकीकडे गेला. "मॅडम, आप विदेश से हैं? इस आंदोलन के बारे में क्या कहेंगी?" माइक तिच्या तोंडापुढे! मी सकाळपासून घसा फोडतेय, आणि माइक तिच्या पुढे! काकीनं मान हलवली आणि दुकानात बघू लागली. त्यानं तीनदा विचारलं. शेवटी धनेशच आतून ओरडला, "ओ, गिऱ्हाईक हाय ती माजी. बाजूला व्हा."

मग ते यादीचं झालं. वरून हुकूम आला होता की मोर्च्यात कोण कोण आहे त्यांची नावं घ्या. किशोर हवालदार वही घेऊन बायांपुढे आला.

"मावशी, नाव सांगा."

"कशाला? लगीन जमवतोस का माजा?" कमळआजी म्हणाली.

पुढची म्हणाली, "मालक घरी नाय, इचारून सांगते." तिसरीनं कानाला हात लावला, ऐकू येत नाही म्हणून. ऐंशी बायांत एकीनंही नाव दिलं नाही. किशोर हवालदारानं घाम पुसला, खाली पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला. हंड्यांवर नावं होती! आमच्याकडे भांड्यावर नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. तो वाकून ओळीनं हंडे वाचत, लिहीत सुटला. बायांना गंमत वाटत होती. ओळीच्या टोकापर्यंत गेला, परत आला आणि हजेरी घेतात तसं मोठ्यानं म्हणाला, "आता नाव घेतो, हात वर करायचा. सौ. मैना अनिल फर्डे!"

ऐंशी बायांच्या माना रस्त्यापलीकडे वळता वळता थांबल्या.

आपलं नाव असं मोठ्यानं घेतलं की माणूस ओ देतोच. शाळेत झोपेत असलो तरी आपण "हजर" म्हणतो. मला ठाऊक होतं, आता सुटणार. मी वाट बघत होते, हेही खरं आहे. आणि मग मी तिचा चेहरा पाहिला. पांढरा फटक. फाइल धरलेली बोटं दाबून दाबून पिवळी पडलेली. ती माझ्याकडे बघतच नव्हती, ती सासूकडे बघत होती. माझी साडीची हौस तिथल्या तिथे विझली.

कमळआजी गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"हवालदार, ती माजी सून. सून नाय आली, हंडा आलाय. धरायचा तर हंड्याला धरा."

"मावशी, सरकारी कामात मस्करी नको."

"मस्करी मी करते का तू? पुढचा नाव वाच."

त्यानं वाचलं. "कै. देवजी राघो विशे."

पहिल्यांदा कोणीतरी मागे फिस्स केलं. मग देवजीबाबांची विधवा सून ओरडली, "हात वर करायला ते सात वर्षांपूर्वी गेलं रे!" मग कोणाला आवरेना. हवालदाराच्या यादीत चार कैलासवासी होते, कल्याणचा एक मामा होता ज्यानं आहेर केला, आणि एक अख्खा महिला बचत गट होता. आवाज ऐकून फौजदार बाहेर आले. वही हातात घेतली, वाचली, ओळीतल्या हंड्यांकडे बघितलं.

"किशोर, ही भांड्यांची यादी हाय."

"साहेब, बाया नाव देत नायत."

"म्हणून मयतांवर केस करायची? फाड."

त्यानं पान फाडलं, चार तुकडे केले. कमळआजी खाली बसली आणि मला म्हणाली, "बघतेस काय, विचार की गो." मी भोंगा उचलला, पण आता काकीकडे न फिरवता कचेरीकडे धरला.

निवेदन दिलं, साहेबांबरोबर फोटो झाला, सगळ्या हसल्या. टँकर आठवड्यातून दोनदा ठरला, नळाचं बघू म्हणाले. आम्ही रस्ता ओलांडून धनेशकडे गेलो तेव्हा कागद चढले होते. काकीनं आधी सासूचा हात धरला, मग हंडा घेतला. मग माझ्याकडे वळून, माझ्याशी त्या दिवशीचा पहिला शब्द बोलली.

"दिवाळीपरत."

तेराव्या दिवशी अनिलकाकांच्या मोबाइलवर मुदत वाढल्याचं आलं. वाडीत पेढे वाटले. मी दोन खाल्ले आणि तोंड बंद ठेवलं.

परवा गौरीच्या दिवशी दुपारी फुगड्या झाल्यावर बाया म्हणाल्या, "वैष्णवी, मैनाकाकी कर की गो!" सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी घट्ट ओठ मिटून बसलेली. तेव्हा काकीच उठली, तीच लाल साडी नेसलेली, आणि म्हणाली, "थांबा, मी करते." तिनं मैनाकाकी केली. वाशिंदची चटणी, बँकेचा साहेब, फाइल तोंडावर धरून हसणं, सगळं. इतक्या टाळ्या मला कधी पडल्या नाहीत. कमळआजीनं मला कोपर मारलं म्हणून मीही वाजवल्या. दिवाळीला तेव्हा पन्नास दिवस होते. मी कॅलेंडरवर मोजले.