सामानापाशी कोण बसणार

आमच्या घराण्यात समुद्रावर गेलं की एक माणूस सामानापाशी बसतो. आधी हे काम वडिलांकडे होतं, आता माझ्याकडे आहे. ते पँट दुमडून बसायचे, मी बर्म्युडा घालून बसतो. एवढीच काय ती प्रगती.

हवाईला जायचं ठरलं तेव्हा मुलीने अट घातली. ऑगस्टमध्ये ती कॉलेजला जाणार, मग नेपरव्हिलच्या घरात आम्ही दोघंच. "एकदा तरी माझ्याबरोबर पाण्यात ये, बाबा. बॅगा नाही सांभाळायच्या." मी हो म्हटलं. बाहेर गुडघाभर बर्फ होता. तेवढ्या बर्फात उभं राहून समुद्राबद्दल माणूस काहीही कबूल करतो.

मला पोहता येत नाही. लहानपणी काकांनी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललं होतं. डबा छान तरंगला. मीही तरंगलो असणार, पण माझ्या आठवणीत फक्त डबा आहे.

हवाईतलं हनौमा बे म्हणजे ज्वालामुखीचं विवर. एका बाजूने त्याचा काठ कोसळला आणि समुद्र आत आला. वरून पाहिलं तर टवका उडालेल्या वाटीत निळं पाणी. खाली सोडण्याआधी सगळ्यांना एक छोटी फिल्म दाखवतात. प्रवाळावर पाय देऊ नका, माशांना खायला घालू नका. पाय द्यायचा नाही म्हटल्यावर घाबरलेल्या माणसाने उभं कुठे राहायचं, हे त्यात नव्हतं. बायकोने विचारलं, तुझा चेहरा का उतरलाय? मी म्हटलं, ऊन आहे.

खाली उतरल्यावर मी आधी सावली शोधली. मग ती सरकली म्हणून बॅगा सरकवल्या. मग सनस्क्रीन, मग पुन्हा सावली. दोघींना म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, आलोच. हे 'आलोच' दीड तास चाललं. मध्ये ऑफिसचे मेल पाहिले. एकही आलेला नव्हता, त्याने तर आणखीच चुळबुळ व्हायला लागली.

मुलगी दोनदा बोलवायला आली. पहिल्यांदा हसत आली. दुसऱ्यांदा नुसतं पाणी प्यायली आणि गेली. तिच्या मागोमाग बायको आली.

"त्या बॅगेत आहे तरी काय? चार दशम्या आणि ओला टॉवेल."

"गाडीची किल्ली आहे."

"ती खिशात घाल. मी बसते, तू जा."

तुला ऊन लागेल, असं मी म्हणालो. परीक्षेच्या दिवशी पोट दुखणाऱ्या मुलाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि परत पाण्यात गेली.

माझी नजर मुलीच्या श्वास घ्यायच्या केशरी नळीवर होती, पाण्यावर तेवढीच दिसायची. ती जरा दिसेनाशी झाली की मी उभा राहायचो, दिसली की बसायचो. अशाच एका उठबशीत मागे खसपसलं. बॅगेतून एक मुंगूस निघालं, तोंडात दशम्यांची आख्खी फॉइल. लहानपणी आम्ही मुंगसाच्या मागे धावायचो, त्याला रामाची शपथ घालायचो, कारण त्याचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो. याने शपथेची वाट पाहिली नाही. सावकाश तोंड दाखवलं आणि झुडपात गेलं. ज्या बॅगेपाशी मी दीड तास पहारा दिला, ती माझ्यापासून दोन हातांवर होती.

तेवढ्यात लाऊडस्पीकरवर सांगितलं, किनारा बंद व्हायची वेळ होतेय, थोड्याच वेळात पाण्यातून बाहेर यायचंय. मी किल्ली चेनच्या खिशात घातली आणि निघालो. मागे वळून पाहिलं नाही, असं म्हणायला आवडलं असतं. दोनदा पाहिलं.

 मुलीने मास्क माझ्या तोंडावर बसवला, पट्टा ओढला. मिशी आड येत होती, त्यामुळे पाणी आत शिरणार हे तिने आधीच सांगितलं. "वाळूवरच उभा राहा. फक्त खाली बघ."

पहिल्यांदा नाकात पाणी गेलं आणि मी वर आलो. म्हटलं, झालं, पाहिला मासा.

"कसला होता?"

मी मिशी पुसली.

"परत, बाबा."

दुसऱ्यांदा मात्र दिसला. हिरवा-निळा, गुलाबी कडांचा, हातभर लांब. तो खडकाला तोंड लावून काहीतरी खरवडत होता, आणि त्याचा आवाज येत होता. शेजारच्या खोलीत कुणी चिवडा खातंय, तसा. मी ऐकत राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. मिशीतून पाणी झिरपत होतं. तिने माझा हात घट्ट धरलाय असं मला वाटत होतं. वर आल्यावर कळलं, तिची बोटं मी आवळली होती. ती लाल झाली होती. तिने सोडवून घेतली नव्हती.

तिसऱ्यांदा जायचं मीच म्हणालो, पण शिटी झाली.

आम्ही किनाऱ्यावर आलो तेव्हा बायको आधीच पोचून बॅग उलटी करून झटकत होती.

"दशम्या कुठे गेल्या? इथे कोण बसलं होतं?"

तीस वर्षांचा अनुभव असलेला मी तोंड उघडणार, इतक्यात मुलगी म्हणाली, "कोणीच नाही. बाबा माझ्याबरोबर होता."

मी ते दुरुस्त केलं नाही. बॅगा उचलल्या आणि चढाला लागलो.