जावईबापूंच्या कोळशावरचं भरीत
कोपऱ्यावरच्या टपरीत दगडी कोळशाची शेगडी पेटली, की मला हुडकेश्वरच्या आमच्या गच्चीवरचं ते भरीत आठवतं. ताईचं नुकतंच लग्न झालं होतं. नवे जावई मोबाईलवर इंग्रजी रेसिपी वाचून म्हणाले, "आज भरीत मी करतो." रेसिपीत चारकोल, म्हणजे लाकडी कोळसा लिहिला होता. चारकोल काय नि कोल काय, एकच, असं समजून त्यांनी लकडगंजातून दगडी कोळसा आणला. पिवळट धूर शेजाऱ्यांच्या धुण्यावर गेला आणि वांग्यांना रेल्वे इंजिनाचा वास लागला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने चिमटा काढला. "चूप बस वं! जावई हायेत ते." मग त्यांच्याकडे वळून गोड आवाजात म्हणाली, "लय खमंग झालं जी!" बाबांनी तर डोळे मिटून पुन्हा वाढून घेतलं. जावईबापू असे खुलले, की तेव्हापासून दर हिवाळ्यात कोळशाची पिशवी घेऊनच येतात. परवा आईने स्वयंपाकघरात गॅसवर भरीत केलं. बाबा एक घास खाऊन थांबले. "काहून वं, धुराचा वासच नाही याले?" आणि खरं सांगते, मलाही ते मिळमिळीतच लागलं.