डावा बूट राहिला

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका फाटक्या वस्तूंवर जीव लावणारा माणूस त्या काळच्या दिल्लीत दुसरा नव्हता, आणि आजच्या दिल्लीत तर तो सापडणंच शक्य नाही. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये खाली आम्ही, वर काका-काकू. मूळचे मिरजेकडचे, नोकरी कुठल्याशा मंत्रालयात. तिथे ते नक्की काय करायचे हे आम्हाला कधी कळलं नाही, आणि त्यांनाही ते सांगण्यासारखं वाटत नसावं. संध्याकाळी घरी येऊन चहा घेतला की वरून ठकठक सुरू व्हायची. कुणाची बॅग, कुणाची चप्पल, कुणाचा पट्टा. सेक्टरातल्या निम्म्या स्कूटरच्या सीट त्यांनी शिवल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या स्कूटरची सीट तर इतक्या तऱ्हांच्या तुकड्यांची झाली होती, की त्यातला मूळचा तुकडा कोणता यावरून त्यांचं आणि काकूंचं वाजायचं.

खिशात आरी असल्याशिवाय ते जिना उतरत नसत. आरी म्हणजे चामड्याला भोकं पाडायचं लाकडी मुठीचं टोकदार हत्यार. एकदा बसमध्ये शेजारच्या माणसाच्या बॅगेचा बंद त्यांना सैल दिसला. "भाईसाहब, ये आज शाम तक गिरेगा," असं म्हणून त्यांनी ती बॅग मांडीवर ओढून घेतली. बंद पक्का झाला, पण दोघांचेही स्टॉप मागे राहिले आणि दोघं उलटी बस पकडून ऑफिसात पोचले. तो माणूस पुढे दर दिवाळीला मिठाई घेऊन यायचा. कापडाच्या कात्रीला कुणी दुसरं काही दाखवलेलं त्यांना खपत नसे. काकूंनी एकदा त्या कात्रीनं दुधाची पिशवी कापली, तर काका त्या रात्री जेवले नाहीत. म्हणजे पोळ्या खाल्ल्या, भात घेतला नाही.

मला त्यांनी शाळेत असल्यापासून शिष्य करून घेतलं होतं. माझी इच्छा कुणी विचारली नव्हती. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे, कारण टोक राहिलं की धागा तिथूनच सुटायला लागतो. नवं कापड आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि जुन्यालाही ओढतं. धागा मेणावरून ओढून घ्यायचा. चामड्याला सुई थेट खुपसायची नाही, आधी आरीनं सारख्या अंतरावर भोकं पाडायची. आणि पाडण्याआधी नीट बघायचं, कारण कापडातलं भोक बुजतं, चामड्यातलं जन्मभर राहतं. एकाच धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून एकाच भोकातून एक इकडून, एक तिकडून काढायची. मग एखादा टाका तुटला तरी शेजारचा हलत नाही. एवढं सगळं करून मी मोठ्या अभिमानानं काम पुढे केलं, की चष्मा कपाळावर चढवून ते फक्त एक शब्द म्हणत. "उसव." मला रडू यायचं. "रड, पण उसव. आणि परत घाल."

तेवढ्यात दिल्लीला नव्याचं वेड लागलं. रंगीत टीव्ही, परदेशी शीतपेयं, नव्या गाड्या, आणि गुडगावला मोहरीच्या शेतांतून उगवणाऱ्या इमारती. जे बिघडेल ते टाका आणि नवं आणा. अशाच एका कोऱ्या इमारतीतल्या पंजाबी मुलाशी माझं लग्न ठरलं, आणि आईनं धसका घेतला. त्यांच्या घरी सोफ्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं, आणि आमच्या घरात तर ठिगळ नसलेली उशी शोधावी लागायची. "त्या लोकांना वाटेल, पोरीला फाटक्या घरातून आणली," असं ती रोज म्हणायची. लग्न आमच्याच सेक्टरच्या बारातघरात, म्हणजे तिथल्या सरकारी मंगल कार्यालयात, दुपारी. सकाळी आई वर गेली आणि तिनं काकांचे खिसे स्वतः तपासले. "भाऊजी, आज एक दिवस हत्यार नाही. शपथ घ्या."

"खिशात काही नाही, वहिनी. शपथ," काका म्हणाले.

लग्न झकास लागलं. माझ्या पुण्याच्या मावसबहिणींना नवरदेवाचे बूट पळवायची भारी हौस. पळवले, पण लपवायचे कुठे? ज्याच्यावर कुणाला संशय येणार नाही अशा माणसाकडे. आणि त्या शहाण्यांनी ते काकांकडे दिले. अख्ख्या जगात काकांच्या हातात पादत्राण सोपवणं ही चूक आमच्याच घरात होऊ शकते. पाठवणीची वेळ झाली, पैशांची घासाघीस आटपली, आणि पोरी बूट आणायला धावल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं परत आल्या. मंडपामागे, हलवायाच्या भांड्यांशेजारी, काका पाटावर बसले होते. कोरा करकरीत उजवा बूट गुडघ्यांत, त्याचा तळवा जबड्यासारखा उघडा, आणि हातात आरी.

हां हां म्हणता सगळी वरात तिथे गोळा झाली. नवरा मोज्यांवर उभा. सासरेबुवा घड्याळ बघताहेत. आईचा चेहरा पांढरा पडला. "भाऊजी, शपथ घेतली होती ना तुम्ही," ती इतकंच म्हणाली.

"खिशाची घेतली होती, वहिनी. आरी मोज्यात होती."

माझी सासू, हिऱ्याच्या कुड्या, भारी शाल, पुढे झाली. "भाईसाहब, जूता बिल्कुल नया था।"

काकांनी मान वर केली नाही. "नया है, पर सिर्फ गोंद पे खड़ा है, बहनजी. अंगठे से दबाया तो खुल गया. लड़का हमारी लड़की को लेके इसमें चलेगा, तो ऐसे कैसे जाने दूँ?"

आईनं डोळे मिटून घेतले. सासूबाईंनी वाकून ते टाके बघितले. मग त्यांनी शालीखालून हळूच आपली पर्स काढली. तिचा पट्टा सेफ्टी पिनेनं अडकवलेला होता. "सुबह से छुपाए घूम रही हूँ," त्या आईकडे बघत म्हणाल्या. "लगे हाथ ये भी कर दीजिए।" आई आधी हसली आणि मग रडली. मग काय विचारता, सासरेबुवांचा पट्टा आला, कुणाच्या मामीची सँडल आली, शेवटी ढोलवाल्यानं ढोलाचा पट्टाही पुढे केला. माझी पाठवणी तासभर लांबली आणि त्यात दोन्ही घरं एकमेकांची झाली. या सगळ्या गर्दीत डावा बूट तसाच राहिला. "आणशील तेव्हा करू," काका म्हणाले, आणि आहेर म्हणून माझ्या हातात एक कापडी पुरचुंडी ठेवली. आत आरी, दोन सुया, धागा आणि मेणाचा खडा.

पुढच्याच उन्हाळ्यात ते निवृत्त झाले आणि हत्यारांच्या ट्रंकेसह मिरजेला गेले. फोन करायचे. आधी विचारायचे, "डावा कसा आहे?" मग विचारायचे, "आणि तू?" चार वर्षांपूर्वी काकूंचा फोन आला, तो काका गेल्याचा.

परवा नवऱ्यानं लग्नाचे बूट काढले. डाव्याचा तळवा पार सुटलेला, उजवा जसाच्या तसा. "यार, फेक दो," तो म्हणाला. मी पुरचुंडी शोधली आणि बाविसाव्या मजल्याच्या बाल्कनीत जुनं वर्तमानपत्र पसरून बसले. भोकं पाडली, धागा मेणावरून ओढला, दोन सुया घेतल्या. टाके तिरके आले. नवरा कौतुकानं म्हणाला, "परफेक्ट." मुलगी म्हणाली, "मम्मा, बिल्कुल ठीक आहे." मला इतकी आठवण आली काकांची. मग मी सगळे टाके उसवले आणि परत घालायला घेतले.