कठडा कोणी कापला?

काही प्रकरणं निकाली निघतात, कागद बांधून ठेवले जातात, तरी ती माणसाला सोडत नाहीत. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातलं हे प्रकरण त्यातलंच. तेव्हा मी नवी मुंबईत, रबाळे आणि पावण्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात पोलीस निरीक्षक होतो.

सकाळी पावणेनऊला ठाणे अंमलदाराकडे फोन आला. मोठ्या रस्त्यावर डंपरने एका बाईला उडवलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ती गेलेली होती. वय पस्तीसच्या आसपास, समोरच्या कारखान्यात पॅकिंगच्या कामाला. डंपरचालक पळाला नव्हता. डोकं धरून तिथेच बसला होता आणि एकच वाक्य परत परत बोलत होता, "कठड्यातून एकदम आली, साहेब." त्याला ताब्यात घेतलं आणि हयगयीने वाहन चालवून मृत्यू घडवल्याचा गुन्हा नोंदवला.

तो सांगत होता त्यात तथ्य होतं. दुभाजकावर छातीइतका उंच लोखंडी कठडा होता. त्यातले दोन गज कापून माणूस अंग चोरून जाईल एवढी फट केलेली होती. बस थांबायची अलीकडे, कारखाने पलीकडे, आणि पादचारी पूल पार पुढे, स्टेशनच्या बाजूला. लोक त्या फटीतून जायचे. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. पूल बांधलाय ना, मग पुलावरून जावं, असं माझं सरळ मत होतं. अशा लोकांचा मला रागच यायचा.

पंचनामा करताना एक गोष्ट आढळली. कापलेल्या गजांची कठड्यात उरलेली खालची टोकं कानशीने घासून गुळगुळीत केली होती आणि त्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे घट्ट गुंडाळले होते. ते तुकडे काढून आम्ही मुद्देमालात जमा केले.

तिसऱ्या दिवशी त्या बाईचा नवरा ठाण्यात आला. मूळचा मराठवाड्यातला, एका सोसायटीत वॉचमन होता. बाकावर बसायलाही तयार नव्हता.

"मला डंपरवाल्याचं काय न्हाई सायेब," तो म्हणाला. "त्यो थांबला तरी. ज्यानं कठडा कापला त्येला धरा. त्यानं माझी बायकू मारली."

मी त्याला शब्द दिला. रस्त्याची देखभाल करणाऱ्या खात्याची तक्रारही होतीच, तेव्हा सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा वेगळा गुन्हा दाखल केला. त्यानंतर तो रोज ड्यूटी संपली की यायचा, दारातूनच "घावला का?" विचारायचा आणि जायचा. त्याला पाहिलं की मला आमच्या तपासाची लाज वाटायची.

लोखंड कापलं म्हणजे भंगारचोर, हा आमचा पहिला हिशोब. चार दिवस पट्ट्यातल्या सगळ्या भंगारवाल्यांना बोलावून झालं, दमदाटी करून झाली. हाती काही लागेना. शेवटी आमच्या महिला हवालदार बाई वैतागून म्हणाल्या, "सर, कापलेले गज तिथेच दुभाजकावरच्या झाडाखाली पडलेत. चोर ते सोडून जाईल का? आणि टोकाला ट्यूब का गुंडाळेल? साडी फाटू नये म्हणून केलंय हे कोणीतरी."

मी रोज युनिफॉर्मची पँट घालणारा माणूस. मला हे जन्मात सुचलं नसतं.

मग बस थांब्याजवळच्या रिक्षावाल्यांना विचारायला सुरुवात केली. त्यातला एक म्हातारा, तिथल्या जुन्या गावातला. दोन दिवस त्याने दाद दिली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःहून ठाण्यात आला.

"भंगारवाला नाय तो साहेब," तो म्हणाला. "भर दुपारचा कापला. अंगात नारिंगी जाकीट, डोक्याला हेल्मेट. आमाला वाटला कंत्राटदाराचा मानूस हाय. त्याला कोन इचारनार?"

या शहरात नारिंगी जाकीट घातलं की माणूस काहीही खोदू शकतो, काहीही तोडू शकतो. हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. म्हाताऱ्याने जाकिटाच्या पाठीवर रंगाचे डाग असल्याचं सांगितलं, तेवढ्यावरून पावण्यातला एक ग्रिल बनवणारा सापडला. छोटं दुकान, एकटाच काम करायचा.

चौकशीत पहिल्याच प्रश्नाला कबूल झाला. "हो, मी कापला." पण कोणाच्या सांगण्यावरून, ते सांगेना. तासभर मी आवाज चढवला, समजावलं, बाहेर पाठवून परत बोलावलं. शेवटी एवढंच म्हणाला, "एका बाईने सांगितलं. पॅकिंगवाल्या सगळ्या जणींसाठी. त्यांच्यातल्या एकीचे गुडघे गेलेत, तिला पुलाच्या पायऱ्या चढता येत नाहीत. गेटवर दहा मिनिटं उशीर झाला तर आत घेत नाहीत. टोकं मी घासली, ट्यूब तिने गुंडाळली."

"नाव काय तिचं?"

"ते नका विचारू, साहेब."

मला वाटलं, हा स्वतःचा गुन्हा कोणातरी बाईवर ढकलतोय. असे नमुने मी भरपूर पाहिले होते. तेवढ्यात रोजच्यासारखा मयत बाईचा नवरा दारात आला. मला आज त्याला काहीतरी दाखवायचं होतं. तपास झोपलेला नाही, एवढं तरी. मी मुद्देमालाचं पाकीट उघडून ट्यूबचे तुकडे टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "कापणारा मिळालाय. हे त्या जागेवरचं."

त्याने एक तुकडा उचलला. उलटा केला. त्यावर पंक्चरचं चौकोनी ठिगळ होतं.

"ह्ये ठिगळ म्या लावलेलं हाय," तो म्हणाला. "माझ्या सायकलची ट्यूब हाय ही. तिनं मागितली हुती. कशाला म्हनलं, तर म्हनली, कामाला."

ग्रिलवाला खाली मान घालून उभा होता. तो एवढंच बोलला, "गेलेल्या माणसाचं नाव कसं घेऊ, साहेब."

ज्याला पकडण्याचा मी शब्द दिला होता, ते माणूस माझ्याच पंचनाम्यात मयत म्हणून लिहिलेलं होतं. त्या नवऱ्याकडे बघायची मला हिंमत होईना.

पण जबाब घ्यावाच लागला. ट्यूब त्याची, ती कोणाला दिली, कधी दिली. तो न अडखळता सांगत गेला. सही करायच्या आधी थांबला.

"पूल किती लांब हाय, त्ये बी लिवा."

मी म्हणालो, "ते जबाबात येत नाही. तुला घटनेबद्दल जे माहीत आहे तेवढंच लिहायचं."

"मला म्हाईत हाय की. तिच्या संगं चाललोय म्या येकदा."

मी ते लिहिलं नाही. त्याने सही केली. दोषारोपपत्र गेलं, ग्रिलवाल्याने कोर्टात गुन्हा कबूल केला, त्याला दंड झाला. फट वेल्डिंग करून बुजवली. नवरा पुन्हा कधी ठाण्यात आला नाही.

आयुष्यभर मी टेप धरून मोजत आलो. मृतदेहापासून दुभाजक किती, टायरची खूण किती लांब. त्या बाईला रोज किती चालावं लागत होतं ते मात्र मी मोजलं नाही, कारण तसा रकाना नव्हता. कायदा मोडणारा आधी काय मोजून आलेला असतो, हे तपासात विचारायला पाहिजे, एवढं मी या प्रकरणातून शिकलो. फार उशिरा शिकलो.

निवृत्तीनंतर एका सकाळी मी बसने गेलो आणि त्याच थांब्यावर उतरलो. पुलापर्यंत चाललो, चढलो, उतरलो, पलीकडून मागे कारखान्याच्या गेटपर्यंत आलो. तेवीस मिनिटं लागली. गुडघे बोलायला लागले होते. बसची फेरी गोल, परतीची बसही अलीकडच्याच बाजूला थांबायची, म्हणजे पुन्हा तेवढंच चालणं. जुन्या जागेपासून थोड्याच अंतरावर कठड्यात नवी फट पडलेली होती. तिच्यासमोर, रस्त्याच्या कडेला, रात्रपाळीहून निघालेल्या तीन बायका गाड्या थांबायची वाट बघत होत्या. मी घुटमळतोय असं पाहून एकीने हात केला. "काका, चला, आता रस्ता मोकळा आहे."

मी दोन्ही बाजूंना पाहिलं आणि त्यांच्यामागून गेलो.